तुकोजीमामांचं नाकजड विमान

माझ्या धाकट्या बहिणीला, शैलाला, बघायला मंडळी आली होती. मुलाचे वडील नोकरीपायी नुकतेच पुण्याहून म्हैसूरला आलेले. उप्पिट झालं, गोड शिऱ्यासारखा केसरीबात झाला, कॉफी झाली. मुलाचा पगार, मुलीचं भरतकाम, म्हैसूरची हवा, सगळं बोलून झालं. आता उठायचं, अशा बेताला कोपऱ्यात इतका वेळ गप्प बसलेले आमचे तुकोजीमामा खाकरले आणि मुलाच्या वडिलांना म्हणाले, “एकच विचारतो. मुलगा हाय-विंग आहे का लो-विंग?”

मुलाच्या वडिलांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मुलाकडे पाहिलं. मुलानं टीपॉयकडे पाहिलं. शेवटी वडील जपून म्हणाले, “आमच्यात आता तसलं काही मानत नाहीत.”

“मानायचं नाही हो, बघायचं,” मामा म्हणाले. “सोडून दिला की सरळ राहतो का, एवढंच बघायचं.”

“म्हणजे काय? आमचा मुलगा सरळच आहे!” मुलाची आई उठून उभी राहिली.

लग्न झालं. म्हैसूरचा केसरीबात अशी पुष्कळ लग्नं सावरून धरतो. पण आजही शैलाचं आणि भावजींचं वाजलं की ती मला फोन करून सांगते, “मामांनी त्या दिवशी विचारलं ते काही चूक नव्हतं बघ.”

तुकोजीमामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. सरस्वतीपुरममध्ये आमच्यापासून दोन घरं टाकून राहायचे. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्यभर रेघा मारून रिटायर झाले, आणि रिटायर झाल्यावर त्यांच्या रेघांना पंख फुटले. रेडिओवर चालणारी छोटी विमानं हा त्यांचा नाद. छोटी म्हणजे आपल्याला वाटतात तेवढी छोटी नव्हेत. पंख पसरले तर आमच्या जेवणाच्या टेबलावरून दोन्हीकडे लोंबतील एवढी. त्यात खरोखरीचं इंजिन, खरोखरीचं इंधन, आणि खाली जमिनीवर हातात डबा घेऊन, डब्यावरच्या दोन दांड्या अंगठ्यांनी हलवत उभा राहिलेला खरोखरीचा एक वेडा माणूस.

हाय-विंग म्हणजे ज्याचे पंख अंगाच्या वर बसवलेले असतात ते विमान. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणजे मामांच्या भाषेत मेलेल्या राजांची चौकशी करतो, त्यामुळे मला हे समजावताना त्यांनी दोरीवरचा माझाच शर्ट वापरला. “नोडप्पा, बघ, हा हँगरला टांगलेला शर्ट. ढकल. हलला? परत आपल्या जागी आला? हे हाय-विंग. आता हा पेला उलट्या ताटलीवर ठेव आणि ढकल.” मी ढकलला. पेला फुटला. “हे लो-विंग,” मामा म्हणाले. “दिसायला झोकदार. पण कायम कोणीतरी धरून बसावं लागतं.”

पेला आमच्या घरचा होता.

या एका दांडीवर मामांनी सगळं जग टांगलं होतं. दूधवाला हाय-विंग, पेपरवाला लो-विंग. आमचं सगळं कॉलेज लो-विंग, फक्त प्यून हाय-विंग. माझ्याबद्दल त्यांनी माझ्या बायकोसमोर निकाल दिला, “हा लो-विंग. दिसायला बरा आहे, पण हात काढला की कलंडतो.” माझी बायको एरवी मामांचं एक अक्षर मान्य करत नसे. त्या दिवशी तिनं त्यांना दुसरा कप कॉफी दिली.

“आणि मामी?” मी एकदा विचारलं.

मामांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, “पक्की हाय-विंग. मी काहीही करू दे. जरा हलते, आणि आपली आपण सरळ.” आणि लगेच, “सांगू नको तिला. सुम्ने, उगाच चढून बसेल.”

सांगू नको हे विशेष होतं. कारण त्या घरात माझं कामच सांगण्याचं होतं. मामा-मामी एकमेकांशी सरळ बोलत नसत. भांडण नव्हे. आमच्या जुन्या म्हैसूरकर घरांत वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं नाही अशी रीत होती. रुक्मिणीमामी सरगूरच्या शेतकरी घरातून सासरी आल्या तेव्हा सासू, सासरे, आत्येसासू, सगळे हॉलमध्येच बसलेले असत. त्यामुळे जे काय बोलायचं ते तिसऱ्याला सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. पुढे एकेक करून सगळी मोठी माणसं गेली. सवय राहिली. मी गेलो की मामी म्हणत, “जगू, त्यांना सांग, हुळी गार होतेय.” त्यांच्याकडे आमटीला हुळीच म्हणायचे. मामा, हातभर अंतरावर बसलेले, म्हणत, “तिला सांग, गोंद सुकतोय, येतो.” कोणीच नसलं तर हे लोक काय करतात, असं मी विचारलं होतं. “मांजराला सांगतो,” मामा म्हणाले. “तुझ्यापेक्षा बरं. मध्ये बोलत नाही.”

मामींना विमानाचा राग होता, निदान त्या तसं बोलत. “त्यांना विचार, त्यांचं कार्टं जेवलं का,” असं म्हणत. त्या घरात मागच्या बाजूला एक खोली होती. मामांनी घर बांधतानाच काढलेली, खिडकीला खाली लाकडी गज, लहान पोर बाहेर डोकावून पडू नये म्हणून. पोर झालं नाही. खोलीला दोघंही ‘लहान खोली’च म्हणत राहिले, आणि खूप वर्षं तिथं फक्त पापड वाळत. मग विमान आलं, आणि पापड गच्चीवर गेले.

आता इंजिनाचं सांगतो, कारण मामांचं खरं रूप विमान बांधताना नव्हे, इंजिन निवडताना दिसे.

मामांचे आजोबा जुन्या म्हैसूर संस्थानच्या घोडदळात होते. त्यांची तलवार हॉलमध्ये टांगलेली होती. ती उपसायची कोणाची छाती नव्हती. छातीचा प्रश्न नव्हे, ती म्यानात गंजून बसली होती. हे आजोबा घोडा निवडायला वर्ष लावत, असं मामा अभिमानानं सांगत. त्याच हिशेबानं मामा इंजिन निवडत. बेंगळुरूला एक दुकान होतं. सकाळच्या गाडीनं जायचं, काउंटरवर इंजिन मागून घ्यायचं, घोड्याचे दात बघावेत तसं धुराच्या भोकातून आत बघायचं, दांडा अंगठ्यानं सावकाश फिरवायचा, डोळे मिटायचे, आतला दाब बोटाला कसा लागतो ते अनुभवायचं. मग डोळे उघडून म्हणायचं, “इन्नू स्वल्प.” अजून थोडं. म्हणजे अजून थोडं बघतो. मग कॉफी पिऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. दुकानदार एकदा मला म्हणाला, “सर, तुमच्या मामांनी हे इंजिन पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा मुलगा शाळेत होता. आता दुकानात बसतो.”

‘इन्नू स्वल्प’ हा त्यांचा ठेवणीतला शब्द. कॉफीत साखर, दाराची बिजागरी, शैलाचं लग्न, सगळ्याला इन्नू स्वल्प. कामाच्या शेवटी कन्नडमध्ये ‘आय्तु’ म्हणतात, झालं, ठीक आहे या अर्थी, तो शब्द मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता.

शेवटी त्यांनी ‘चाळीस’चं इंजिन घेतलं. चाळीस, साठ हे त्या इंजिनांचे आकार. शिकाऊ हाय-विंगला चाळीस योग्य, हे मामांचं मत इतकं पक्कं होतं की मैदानावर कोणी साठ म्हटलं तर ते दुसरीकडे बघत. नवं इंजिन लगेच विमानात बसवायचं नसतं, आधी स्टँडवर सावकाश चालवून मुरवायचं असतं. मामांनी ते परसात मुरवलं. त्याच्या इंधनात एरंडेल असतं. सगळ्या गल्लीत एरंडेलाचा वास पसरला, आणि आवाज असा की खिडक्या थरथराव्यात. समोरचे पेन्शनर गृहस्थ तक्रार घेऊन आले. पण नुसता वास घेऊन त्यांना लहानपणचे रविवार आठवले असावेत. तक्रार अर्धी टाकून ते घाईनं घरी गेले.

मामी दार लावून घेत. “त्यांना सांग,” दाराआडून म्हणत, “कार्ट्याला गप्प करा.”

विमान झालं. पिवळे पंख, निळं अंग. आता तोल बघायचा. पंखांच्या खाली मामांनी शाईचे दोन ठिपके काढले होते. त्या ठिपक्यांखाली एकेक बोट लावून विमान उचलायचं. मी शेपटी धरून उभा. मग मामा म्हणत, “हात काढ.” मी हात काढायचा. विमान दोन बोटांवर सरळ राहिलं तर तोल बरोबर. नाक खाली गेलं तर नाक जड, ते चालतं, जरा मठ्ठ उडतं एवढंच. पण शेपटी खाली गेली तर संपलं. “शेपटीजड विमान ही माणसाची चूक असते,” मामा म्हणत. “वारा नाही, इंजिन नाही, नशीब नाही. माणूस.” आणि मैदानावर कोणाचंही विमान पडलं की मामा त्या शोकाकुल माणसाजवळ जाऊन हळूच विचारत, “तोल बघितला होता?”

यामुळे ते किती लोकप्रिय होते हे सांगायला नको. विशेष करून दातांच्या एका डॉक्टरांचा त्यांच्यावर दात होता. हे डॉक्टर लाल रंगाचं झोकदार लो-विंग उडवायचे, आणि वरचेवर त्याचे तुकडे पिशवीत भरून घरी न्यायचे. प्रत्येक वेळी मामा विचारत, “तोल?” डॉक्टर दात आवळत. स्वतःचे.

मामांनी पहिल्या उड्डाणाला विजयादशमीचा दिवस ठरवला. आमचे पूर्वज दसऱ्याला शीव ओलांडून मोहिमेवर निघत, म्हणून. मामांची मोहीम दसऱ्याच्या हत्तींची मिरवणूक जिथं संपते त्या बन्नीमंटपाच्या पलीकडल्या एका पडीक शेतापर्यंतच होती. पण हवेतून.

त्याच्या आदल्या दिवशी आयुधपूजा. म्हैसूरमध्ये त्या दिवशी ज्याला खिळा आहे त्याला कुंकू लागतं. स्कूटर, शिवणयंत्र, इडलीचं पीठ वाटायचा रुब्बुगुंडा, आमच्या कॉलेजातलं घंटेचं घड्याळ, सगळं गंधफुलात. मामांकडे पाटावर तलवार, तिच्या शेजारी स्कूटरची किल्ली, मामींची विळी, आणि मधोमध विमान. मामांनी पूजेच्या आधीच तोल बघून घेतला होता. ठिपक्यांवर सरळ. पूजेनंतर हत्याराला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नसतो, त्यामुळे विमान लहान खोलीत ठेवून कडी लावली गेली. मामींनी आरतीला घंटा मात्र जोरात वाजवली. “त्यांना सांग, तलवारीसाठी वाजवली,” त्या म्हणाल्या.

सकाळी आम्ही निघालो. मिरवणुकीसाठी रस्ते बंद व्हायच्या आत पलीकडे पोचायचं होतं. मामा स्कूटरवर पुढे, मी मागे, आणि माझ्या मांडीवर आडवं विमान. आता पंख कसेही धरले तरी ते पंखच. स्कूटरनं वेग घेतला आणि मला बुडाखालची सीट हलकी वाटू लागली. “मामा, हळू!” मी ओरडलो. “घाबरू नको,” मामा आनंदानं म्हणाले, “म्हणजे पंख बरोबर बसलेत!” शेजारून जाणाऱ्या सिटी बसच्या कंडक्टरनं दारातून वाकून विचारलं, “काय स्वामी, हत्तीवर जागा नाही मिळाली?”

मैदानावर डॉक्टर आणि मंडळी हजर. रस्ते बंद होणार म्हणून सगळ्यांनाच परतायची घाई. “उडवा सर, उडवा, का अजून इन्नू स्वल्प?” डॉक्टर म्हणाले. मामांनी इंजिन चालू केलं. विमान धावलं आणि जमीन सोडली.

मी काही भावुक माणूस नाही, पण ते पिवळे पंख वर चढताना मी टाळ्या वाजवायला लागलो. मामांचे ओठ हलत होते. बहुतेक ‘आय्तु’ म्हणण्याच्या बेतात असावेत.

तेवढ्यात विमानानं नाक वर केलं. आणखी वर केलं. आता ते आकाशाला टेकून बसल्यासारखं दिसू लागलं. मग थबकलं, आणि नाकावर खाली आलं. खाली येता येता पुन्हा शहाणं झालं, सरळ झालं. मंडळींनी सुस्कारा टाकला. आणि चढायला लागल्याबरोबर परत तेच, नाक वर, थबकणं, खाली. एखाद्याला पाळण्यात घालून झोके द्यावेत तसं. मामांचे अंगठे दांड्यांवर नाचत होते, आणि विमान त्यांचं काही ऐकत नव्हतं. जणू आत दुसरंच कोणी बसून चालवत होतं.

“डाउन, सर, डाउन द्या!” डॉक्टर ओरडले. तिसऱ्या झोक्याला विमान शेजारच्या नाचणीच्या शेतात गेलं. आवाज फार मोठा झाला नाही. मोडायचं ते हलकंच होतं.

मामा आणि मी पुढे धावलो. नाचणीच्या ताटांत निळं अंग मधोमध उघडं पडलं होतं. मामा गुडघ्यांवर बसले. त्यांनी शेपटीच्या पोकळीत हात घातला, आणि बाहेर काढला तेव्हा तळव्यावर एक लिंबू होतं. भलं मोठं, हळदकुंकू लावलेलं, जरीकाठाच्या हिरव्या चिंधीत गुंडाळलेलं. चिंधीची गाठ मी ओळखली. मामींच्या डब्यांवर, पापडांच्या पिशव्यांवर, प्रवासात मला बांधून दिलेल्या चटणीपुडीवर तीच गाठ असे.

पोर पहिल्यांदा घराबाहेर पडताना बायका करतात तेच मामींनी केलं होतं. दृष्ट लागू नये म्हणून. कडी लावलेल्या खोलीत जाऊन पंख अंगाला आवळून धरणारे रबर सैल करून पोकळीत आत, खोलवर, कोणाला दिसणार नाही असं लिंबू ठेवलं होतं. विमान चढायला लागलं की ते घसरत शेपटीत जात होतं, नाकावर खाली आलं की पुढे येत होतं. मोहिमेवर निघालेल्या आमच्या सरदारांचा सगळा तोल एका लिंबाच्या हातात होता.

मला हसू आवरेना. मी तोंड उघडलं. पण मामा हसत नव्हते. ते त्या गाठीकडे बघत होते.

“काय झालं सर?” मागून डॉक्टरांचा आवाज आला. आवाजात सहानुभूती होती, म्हणजे फार दिवस जपून ठेवलेली.

मामांनी लिंबू खिशात घातलं. उठून उभे राहिले.

“अंगठा चुकला,” ते म्हणाले.

“अंगठा?”

“माझाच. घाबरलो. उलटी दांडी मारली.”

मैदानावर अंगठा चुकला हे कारण नवशिके देतात, तेही एकदाच. डॉक्टरांचा चेहरा दिवाळी दसऱ्यालाच आल्यासारखा उजळला. “आणि तोल, सर? तोल बघितला होता?” त्यांनी विचारलं. सगळे हसले. मामाही हसले. मी त्यांच्यासोबत इतकी वर्षं त्या मैदानावर जात होतो, पण मामांना लोकांबरोबर स्वतःला हसताना तेव्हाच पाहिलं.

परत येताना तीन रस्ते मिळतात तिथं मामांनी स्कूटर थांबवली. दृष्टीचं लिंबू घरात परत न्यायचं नसतं, तिकटीवर टाकायचं असतं. मामा आयुष्यभर अशा गोष्टींची टिंगल करत आले होते. त्यांनी खिशातून लिंबू काढलं, रस्त्याच्या कडेला नीट ठेवलं, आणि मागे न बघता स्कूटर सुरू केली. मागे बघायचं नसतं, हेसुद्धा त्यांना माहीत होतं.

“मामींना सांगायचं नाही,” ते म्हणाले. “कधीच नाही. तिला कळलं की तिच्यामुळे पडलं, तर ती...” पुढचं वाऱ्यात गेलं. किंवा पुढे काही नव्हतंच.

घरी मामी दारातच उभ्या होत्या. आमच्या हातातले तुकडे बघितले आणि आधी मला विचारलं, “कोणाला लागलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

“त्यांच्या हाताला?”

“काही नाही.”

मग त्या तुकडे आत ठेवायच्या निमित्तानं शेपटी घेऊन वळल्या. मी बघत होतो. त्यांचा हात हळूच पोकळीत गेला, चाचपडला, रिकामा बाहेर आला. आणि मामींच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मी चक्रावलो. “घेऊन गेलं,” त्या पुटपुटल्या. “सगळं आपल्यावर घेऊन गेलं. नाहीतर माणसाला लागलं असतं.”

म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा लिंबू. हे मला कळलं, आणि माझ्या पायावर मामांचा पाय पडला तेव्हा त्यांनाही कळलं होतं हे मला कळलं.

मामांनी नवं विमान बांधायला घेतलं. पुन्हा हाय-विंग, पुन्हा पिवळे पंख. फरक दोनच. एक म्हणजे शेपटीकडे खालच्या बाजूला एक छोटी झडप, आणि तिच्यामागे वाटीएवढा एक कप्पा, घट्ट, की आत ठेवलेली वस्तू हलू नये. “हे कशाला?” मी विचारलं. मामांनी स्वयंपाकघराच्या दिशेला तोंड केलं आणि गच्चीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हा कप्पा रिकामा आहे बघ, जगू! सुम्ने ठेवलाय! झडप नुसती बोटानं उघडते! यात मी कधी बघत नाही!”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला.

दुसरा फरक इंजिनाचा. मामांनी साठचं घेतलं. ज्याच्या नावानं ते दुसरीकडे बघत, ते नाकात बसणारं जड, धिप्पाड साठ. दुकानदारानं दोनदा विचारलं, “सर, नक्की? तुमच्या विमानाला?” मामांनी या खेपेला डोळे मिटले नाहीत, दांडा फिरवला नाही. फक्त इंजिन एका तळव्यावर घेतलं आणि वजनाचा अंदाज घेतला. मैदानावर बातमी पोचली. “शिकाऊ विमानाला साठ?” डॉक्टर म्हणाले. “अहो, टांग्याला दसऱ्याचा हत्ती जुंपताय!” मागाहून मला बाजूला घेऊन म्हणाले, “वय झालं हो त्यांचं. लक्ष ठेवा.” मामा ऐकत होते. एरवी त्यांनी डॉक्टरांना तोलाची सगळी विद्या तोंडपाठ म्हणून दाखवली असती.

पुढच्या दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मामा मला बाजारात घेऊन गेले. लिंबं घ्यायला. लिंबं घ्यायला मामा कधी बाजारात गेले नव्हते, भाजी मामीच आणत. ते लिंबाच्या ढिगासमोर उकिडवे बसले आणि एकेक लिंबू तळव्यावर घेऊन बघू लागले. “इन्नू स्वल्प,” म्हणत बाजूला ठेवत. लिंबं विकणारी बाई थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली, “अय्यो स्वामी, लिंबू घेताय का सून बघताय?” मामा म्हणाले, “सगळी एका मापाची पाहिजेत. घरातलं कुठलंही उचललं तरी तेवढंच भरलं पाहिजे.” मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं, आणि ते म्हणाले, “लोणच्याला.”

मी मान डोलावली. मामांकडे लिंबाचं लोणचं कोणी खात नव्हतं.

त्या दसऱ्याला विमान उडालं. चढलं, वळलं, मामांनी दोन्ही दांड्या सोडून दिल्या तरी आपलं आपण सरळ राहिलं, आणि डॉक्टर माझ्या शेजारी उभे राहून “कसं काय? साठ लावून कसं काय?” असं विचारत राहिले. हे मैदानावरच्या सगळ्यांना माहीत आहे. त्यांना माहीत नाही ते त्याच्या आधी, घरी घडलं.

सकाळी निघण्यापूर्वी मामांनी विमान व्हरांड्यात आणलं. ठिपक्यांखाली दोन बोटं लावली. मी शेपटी धरली. “हात काढ.” मी काढला. नाक झपकन खाली गेलं.

“मामा, नाक जड आहे,” मी म्हणालो. एवढं आता मलाही कळत होतं.

“इन्नू स्वल्प,” मामा म्हणाले. त्यांनी विमान परत लहान खोलीत नेऊन ठेवलं, दार लोटलं, कडी लावली नाही. मग मोठ्यानं म्हणाले, “जगू, चल, स्कूटरला हवा भरू! मामींना सांग, आम्ही दोघं बाहेर आहोत. आत कोणी नाही!”

मी सांगितलं. मामी तिथंच होत्या.

आम्ही फाटकाशी स्कूटरजवळ जाऊन उभे राहिलो. चाकांत हवा भरपूर होती. मामा खाली वाकून ती नसल्यासारखं बघत राहिले. रस्त्यानं झेंडूच्या माळा घातलेली एक रिक्षा गेली. घरातून बांगड्या वाजल्या. मग झडप मिटल्याचा बारीकसा आवाज आला.

मामी पदराला हात पुसत दारात आल्या. “त्यांना सांग,” त्या म्हणाल्या, “दूध उतू जात होतं, ते बघायला गेले होते.”

दूध घराच्या दुसऱ्या टोकाला असतं.

मामांनी विमान बाहेर आणलं. झडपेकडे पाहिलंसुद्धा नाही. ठिपक्यांखाली बोटं लावली आणि उचललं. मी शेपटी धरली. मामी दाराला टेकून, आपलं काही लक्ष नाही अशा थाटात, तुळशीकडे बघत उभ्या होत्या.

“हात काढ.”

मी हात काढला. पिवळे पंख दोन बोटांवर तरंगले. नाक खाली गेलं नाही, शेपटी खाली गेली नाही. रेघ मारावी तसं सरळ.

मामा दाराकडे मान वळवून म्हणाले, “आय्तु.”

आणि ते मला म्हणाले नव्हते. मी मध्येच उभा होतो, पण निरोप द्यायला माझ्याकडे कोणी बघितलंच नाही.

“मग निघा आता,” मामी मामांना म्हणाल्या. “आणि ऊन व्हायच्या आत या.”